आधी परतीचा हिशेब : स्कीवरून माउंट कोलंबिया

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं सगळ्यात उंच शिखर हायवेवरच्या पर्यटक केंद्रासमोर उभं राहिलं तरी दिसत नाही. कॅल्गरीहून निघून लेक लुईसपाशी उजवीकडे वळलं की आइसफील्ड्स पार्कवे सुरू होतो. त्यावर सव्वाशेएक किलोमीटर गेलं की हे केंद्र लागतं. समोर अथाबास्का हिमनदी, तिच्या डाव्या हाताला माउंट अथाबास्का आणि अँड्रोमेडा, उजव्या हाताला स्नो डोम. लोक इथे फोटो काढतात, स्नोकोचमध्ये, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोठ्या बसमध्ये, बसून फिरून येतात आणि जॅस्परच्या दिशेने निघून जातात. 3,741 मीटरचं माउंट कोलंबिया या सगळ्याच्या मागे, हिमपठार जिथे संपतं तिथे, एकटंच उभं आहे. एका बाजूचं अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, आणि जवळजवळ सगळं बर्फावरून.

एवढा मोठा बर्फ तिथे आहे हे 1898 साली कळलं. नॉर्मन कॉली आणि हर्मन वुली माउंट अथाबास्काच्या माथ्यावर पोचले आणि त्यांना पलीकडचं पठार दिसलं. चार वर्षांत, 1902 मध्ये, जेम्स औट्राम आणि त्याचा वाटाड्या ख्रिश्चन काउफमान कोलंबियावर उभे होते. आता बहुतेक लोक वसंतात स्कीवरून जातात. त्याला कारण आहे. एप्रिल-मेपर्यंत हिवाळाभराचा बर्फ साठून हिमनदीच्या भेगांवरचे पूल जाड झालेले असतात, दिवस रात्री नऊपर्यंत चालतो आणि जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी सरलेली असते. उन्हाळ्यात हेच पूल पातळ होतात आणि पायी चालणाऱ्याचे हाल होतात.

आम्ही तिघं. मी, माझी नाशिकची मैत्रीण, जी आता माझ्यापेक्षा फार बरं स्की करते, आणि ऑफिसातला एक क्युबेकचा सहकारी, जो लहानपणापासून स्कीवरच वाढला आहे आणि म्हणून त्याला सगळंच सोपं वाटतं. त्याचं म्हणणं एकच होतं: तंबू कशाला? मध्यरात्री निघू, एका दमात जाऊन रात्रीपर्यंत गाडीशी परत येऊ. तसं करणारे लोक आहेत आणि ते वेडे नाहीत. हलकी सॅक म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे धोक्याच्या जागी कमी वेळ. पण मला त्या योजनेतला शेवटचा भाग खटकत होता. दिवसभर ऊन खाल्लेल्या उतारावरून, थकलेल्या पायांनी, संध्याकाळी खाली यायचं. मग मी कागद घेतला आणि हिशेब उलटा मांडला.

शिखराचा शेवटचा चढ पूर्वेकडून आहे. म्हणजे सूर्य उगवला की पहिली किरणं त्याच उतारावर. रात्री गोठून कडक झालेला बर्फ दहा-अकरापर्यंत वरवर मऊ होतो, तेव्हा स्की करायला मजा येते. त्याच्या पुढे तो जड, ओला होतो आणि घसरायला लागतो. म्हणून अकराच्या आत उतार सोडायचा. त्यासाठी माथ्यावर दहाला, उताराच्या पायथ्याशी साडेसातला. पायथ्याच्या आधी एक लांबच लांब खळगा आहे, त्याला सगळे ‘ट्रेंच’ म्हणतात. जाताना त्यात उतरायचं आणि पलीकडे चढायचं, आणि येताना तेच उलट, तेही भर दुपारच्या उन्हात. हे धरून तंबूतून पहाटे तीन-साडेतीनला निघणं आलं. आणि त्या दिवशी परत आल्यावर हिमनदीच्या खालच्या टप्प्याला हात लावायचा नाही. पुन्हा एक रात्र वर काढायची, बर्फ गोठू द्यायचा आणि पहाटे उतरायचं. कागदावर हे असं दिसल्यावर क्युबेकवाला गप्प बसला. पटलं असं नाही, पण तंबूचे खांब मात्र त्याने स्वतःच्या सॅकमध्ये घेतले.

खालचा टप्पा म्हणजे अथाबास्का हिमनदीची चढण. ती तीन ठिकाणी तुटून खाली कोसळल्यासारखी झाली आहे. मधून गेलं तर भेगांचं जंजाळ, उजव्या कडेने गेलं तर डोक्यावर स्नो डोमचे सेरॅक, म्हणजे कड्यावर लटकलेले बर्फाचे बुरूज. ते पडतात ते हिमनदीच्या सरकण्यामुळे. त्यांना दिवस-रात्र, थंडी-ऊन याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यामुळे ‘पहाटे गेलं की सुरक्षित’ हे इथे खरं नाही. करता येतं ते एवढंच की त्यांच्याखालून जाण्याचा वेळ कमी करायचा. आम्ही नकाशावर दोन खुणा केल्या आणि नियम ठरवला: या दोन खुणांच्या मध्ये कुणी थांबायचं नाही. पाणी नाही, फोटो नाही, जॅकेट काढणं नाही. कुणाला ‘जायचं’ असेल तर आधीच जाऊन यायचं.

दुसरी वाट सॅस्कॅचेवान हिमनदीची. लांब, सपाट, कंटाळवाणी आणि बरीच निर्धोक. ती हायवेला बऱ्याच दक्षिणेला भेटते, म्हणजे तिकडून उतरलं तर गाडी भलतीकडेच. तरी ती वाट फोनमध्ये आणि कागदावर काढून ठेवली. वर असताना ताजा बर्फ पडला आणि सेरॅकखालून उतरणं नकोसं झालं, तर हा मागचा दरवाजा.

आईला फोनवर हे सगळं सांगताना तिने नेमका प्रश्न विचारला. “वाटाड्या कोण आहे गं?” सह्याद्रीत मी तिला नेहमी सांगायचे, खालच्या वाडीतले मामा आहेत बरोबर. इथे वाडी नाही, मामा नाहीत, हायवेच्या बऱ्याचशा भागात मोबाइलला रेंजही नाही. “फोनमध्ये नकाशा आहे,” म्हटलं. ती म्हणाली, “आणि फोन बंद पडला तर?” आमच्या तयारीच्या निम्म्या बैठका याच प्रश्नावर गेल्या होत्या, हे मी तिला सांगितलं नाही.

कारण पठारावरचा खरा शत्रू चढ नव्हे, व्हाइटआउट. वर ढग, खाली बर्फ, दोन्ही एकाच रंगाचे. पावसाळ्यात कोकणकड्यावर धुकं भरतं तेव्हा निदान पायाखालचं गवत तरी दिसतं. इथे स्कीची टोकं दिसतात, पण ती चढावर आहेत की उतारावर तेही कळत नाही. म्हणून घरी बसून प्रत्येक वळणाचा बिंदू, तिथून पुढच्या बिंदूची दिशा आणि अंतर असं सगळं वहीत लिहून काढलं, पेन्सिलने, कारण थंडीत बॉलपेन चालत नाही. फोन दोन, दोघांच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. होकायंत्र गळ्यात.

हिवाळाभर या सगळ्याचा सराव केला. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची लांब पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात सरळ फिरवला तर सुळकन जातो, उलटा फिरवला तर केस उभे राहतात, तसंच तिचं काम. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. तिचा डिंक ओला झाला की संपलं, म्हणून प्रत्येक उतारानंतर ती घडी करून जॅकेटच्या आत. भेगेत पडलेल्याला वर काढायचा सराव एका पार्किंगशेजारच्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर केला. तिघांमध्ये एक दोर, माणसामाणसात बारा-पंधरा मीटर, मध्ये गाठी मारलेल्या, म्हणजे कुणी आत गेलंच तर गाठ भेगेच्या काठावर रुतून ओढ कमी होते. ओढायला उरतात दोघंच, आणि तीनपदरी पुली लावूनही माणूस वर काढणं किती जड जातं ते एकदा करून बघावं. मैत्रीण म्हणाली, “अगं, तू पडूच नकोस. तेवढं सोपं.”

खाण्याचं माझ्याकडे होतं. दुकानातले एनर्जी बार उणे दहाला दगड होतात, तुपातला लाडूही तसाच. चिवडा मात्र कुठल्याही तापमानात चिवडाच राहतो. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ लाडू न वळता तसाच पिशवीत भरला, चमच्याने खाता येतो. रात्रीसाठी झटपट शिजणारा भात, मेतकूट आणि तुपाची डबी. क्युबेकवाल्याने सुरुवातीला वास घेऊन तोंड वाकडं केलं. दुसऱ्या रात्री मेतकुटाची पिशवी त्याच्याच हातात होती.

तारीख आधी ठरवली नाही. ठरवायचीच नसते. एप्रिलभर रोज दोन गोष्टी बघायच्या: हिमस्खलनाचं भाकीत आणि रात्री शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे. इथल्या रॉकीज पर्वतरांगेतला बर्फ तसा पातळ, आणि थंड हिवाळ्यात त्याच्या तळाशी साखरेसारखे मोकळे दाणे तयार होतात. वरचा थर कितीही घट्ट दिसला तरी खालचा पाया भुसभुशीत. वसंतात पाणी मुरून तो पुन्हा गोठेपर्यंत त्याचा भरवसा नसतो. आणि शून्याची रेषा रात्रीसुद्धा तीन हजार मीटरच्या वर राहिली तर काहीच गोठत नाही, आमचा सगळा उलटा हिशेब तिथेच कोसळतो. दोनदा सॅक भरून पुन्हा रिकामी केली. ऑफिसात सुट्टी मागून रद्द करायची, पुन्हा मागायची. मॅनेजरला हे समजावणं हा मोहिमेतला सगळ्यात तीव्र चढ.

मेच्या सुरुवातीला पॅसिफिककडून येणाऱ्या दोन वादळांच्या मधे मोकळे दिवस दिसले. लेक लुईसला टाकी भरली, उद्यानाचा मुक्कामाचा परवाना घेतला, मैत्रिणीच्या नवऱ्याकडे कागद ठेवला: गाडी कुठे, तंबू कुठे, किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर कुणाला फोन करायचा.

हिमनदी चढताना बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला मदत करणारी अंगावरची यंत्रं, तपासले, दोर बांधला, नियम पाळला. सेरॅकखाली निळ्या बर्फाचे ताजे तुकडे विखुरलेले होते, काही आमच्या सॅकएवढे. कुणी काही बोललं नाही, वेग मात्र आपोआप वाढला. वर पोचल्यावर पठार उघडलं, आणि तासाभरात ढगांनी मिटूनही घेतलं. वहीतल्या आकड्यांचा उपयोग तिथे झाला. क्युबेकवाला पुढे, त्याच्या मागे होकायंत्र घेऊन मी, कारण पुढच्या माणसाला आपण वळतोय हे स्वतःला कळत नाही. मागून मी ओरडायचे, “डावीकडे, अजून, बस.” तो अधूनमधून बर्फाचा गोळा करून पुढे फेकायचा. गोळा दिसत राहिला तर सपाट, अचानक नाहीसा झाला तर पुढे उतार. एकदा नाहीसा झाला. आम्ही थांबलो, नकाशा बघितला, वीस पावलं उजवीकडून गेलो. तंबूच्या जागेभोवती बांबूच्या काड्या रोवल्या, करवतीने बर्फाच्या विटा कापून भिंत रचली. मग स्टोव्हवर बर्फ वितळवत बसलो. भांडंभर बर्फातून निघतं जेमतेम पेलाभर पाणी, आणि तिघांना उद्यासाठी लागतं कित्येक लिटर. संध्याकाळ त्यातच संपली.

शिखराचा दिवस त्या मानाने सरळ गेला. रात्री आकाश स्वच्छ झालं, बर्फ काचेसारखा कडक झाला. ट्रेंचमध्ये उतरताना हेडलॅम्पच्या उजेडात स्कीच्या कडा खरखर वाजत होत्या. पूर्वेचा उतार खालून दिसतो त्यापेक्षा जवळ गेल्यावर बराच उभा वाटतो. शेवटी स्की पाठीला लावल्या, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दाते, चढवले, बर्फाची कुऱ्हाड हातात घेतली. माथ्यावर वारा होता, थांबलो नाही. उतरताना वरचा भाग मी बाजूने घसरत आले, त्यात लाज नाही. मधला भाग मात्र नेमका मऊ झाला होता. मैत्रिणीने तिथे जी वळणं घेतली ती बघायलाच मी थांबले. ट्रेंचच्या चढावर ऊन इतकं होतं की बनियनवर चालत होतो, आणि नाकाला खालून भाजलं, कारण बर्फावरून ऊन उलटं येतं.

वरची दुसरी रात्र ज्याला नको होती, तोच दुपारी स्नो डोमला जाऊ म्हणाला. त्याचा माथा 3,456 मीटर, तंबूपासून हाकेच्या अंतरावर नाही, पण चढ सौम्य. तिथलं पाणी तीन दिशांना जातं: एक धार अथाबास्का आणि मॅकेन्झीमार्गे आर्क्टिकला, एक सॅस्कॅचेवानमार्गे हडसन उपसागराला, तिसरी कोलंबिया नदीतून पॅसिफिकला. तो एकटाच उत्साहात होता. भेगांच्या मुलखात एकट्याने जायचं नाही हे ठरलेलं, त्यामुळे आम्ही दोघी झोपलो आणि त्याला भांड्यात बर्फ भरायला लावलं.

उतरायला पहाट गाठली. सेरॅकखालचा टप्पा स्कीवरून काही मिनिटांत पार. पार्किंगमध्ये बूट काढले तेव्हा स्नोकोचची पहिली गर्दी यायला लागली होती.

परतीच्या गाडीत पुढच्या वर्षाचा वाद सुरू झाला. क्युबेकवाल्याला माउंट क्लेमन्सो हवंय, जे आणखी पश्चिमेला, आणखी आत आहे. मैत्रीण म्हणते, जायचं तर या वेळी स्टोव्हवर बर्फ वितळवायला चौथा माणूस आण. मी वही काढून ठेवली आहे. पहिलं पान अजून कोरं आहे, शेवटच्या पानावर परतीची वेळ लिहायला घेतली आहे.