दहा विहिरी, एकच पाणी: भूजलाचा खेळ आकड्यांत

भूजलावर गेम थिअरी (एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवर अवलंबून असतो, अशा निर्णयांचं गणित) लावायची म्हटलं की पहिल्याच परिच्छेदात 'कैद्यांचा पेच' येतो: एकानं हात आखडता घेतला, शेजाऱ्यानं उपसा केला, हात आखडणारा बुडाला. चित्र ओळखीचं असल्यामुळे लगेच पटतं. पण एखाद्या वाडीत नेमका कोणता खेळ चालू आहे, हे खडक, पीक आणि पंप ठरवतात. ते गणित न मांडता सुचवलेला उपाय बऱ्याचदा भलत्याच खेळाचा असतो. म्हणून इथे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. रुपयांचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत; पाण्याचं प्रमाण दख्खनच्या बेसाल्टला धरून आहे.

१०० हेक्टरचा एक जलधर (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर), वर दहा कुटुंबं, प्रत्येकाची एक विहीर आणि रब्बीला ३ हेक्टर रान. मुरूम आणि मांजऱ्या खडक मिळून पाणी धरणारा थर पावसाळ्यानंतर ६ मीटर भरलेला. स्पेसिफिक यील्ड २ टक्के, म्हणजे भिजलेला एक घनमीटर खडक उपशाला २० लिटर पाणी सोडतो. १०० हेक्टर म्हणजे १० लाख चौरस मीटर; पातळी १ मीटर उतरली की २०,००० घनमीटर निघालं. एकूण साठा १,२०,०००. त्यातलं २०,००० बाजूला ठेवायचं: गावातल्या ६०० माणसांना माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला १२,००० लागतात, उरलेलं जनावरांना आणि ओढ्यात पाझरून जाणारं. शेतीला राहिलं १,००,०००.

पर्याय दोन. हरभरा: हेक्टरी ३,००० घनमीटर, निव्वळ ४०,००० रुपये. रब्बी कांदा: हेक्टरी ६,००० घनमीटर, खर्च ८०,०००, पूर्ण पाणी मिळालं तर उत्पन्न २ लाख, निव्वळ १,२०,०००. हरभरा फेब्रुवारीत निघून जातो. कांदा एप्रिलपर्यंत उभा असतो. म्हणून तूट आली की ती सगळी कांद्यावरच पडते. पाण्यात जितके टक्के तूट, त्याच्या १.१ पट उत्पादनात घट, हे कांद्यासाठी एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं) प्रमाण. ते तूट हंगामभर सारखी पसरल्याचं धरतं. विहीर ऐन गाठ पोसताना आटली तर नुकसान याहून जास्त.

आता एकेक कुटुंब कांद्याकडे वळवून बघा. एकानं कांदा केला तर एकूण गरज ९९,०००, पाणी पुरतं, त्याला हेक्टरी १,२०,०००. दोघांनी केला की प्रत्येकाला १८,००० ऐवजी १४,००० घनमीटर मिळतं आणि निव्वळ ७१,००० वर येतं. तिघांनी केला तर सुमारे ५०,७००, चौघांनी ४०,६००, पाचांनी ३४,४००. पाचवा कांदा लावणारच नाही, कारण हरभऱ्यात ४०,००० आहेत. चौथा मात्र लावणार, कारण ६०० रुपये का होईना, जास्त आहेत. नॅश समतोल, म्हणजे एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, इथे ठरतो: चार कांदेवाले, सहा हरभरेवाले.

हा कैद्यांचा पेच नाही. त्या पेचात इतर काहीही करोत, एकच चाल सर्वांना फायद्याची असते. इथे मात्र बाकीचे कांदा करत असतील तर मी हरभरा करण्यात शहाणपण आहे. त्यामुळे 'कांदा कमी करा' एवढ्या प्रबोधनानं काही हलत नाही: एक मागे हटला की त्याची जागा दुसऱ्याला किफायतशीर होते.

समतोलात दहाही कुटुंबं हेक्टरी जवळपास ४०,००० वर येऊन थांबतात. म्हणजे सगळ्यांनी नुसता हरभरा केला असता तरी एवढंच मिळालं असतं. हरभऱ्यावर उरणाऱ्या १०,००० घनमीटर पाण्याची कमाई चढाओढीत पुरती विरून गेली. तेच पाणी वाटून घेतलं तर प्रत्येक कुटुंबाला ३३ गुंठे कांदा आणि बाकी रानात हरभरा बसतो. कुटुंबाला १,२०,००० च्या जागी सुमारे १,४६,७०० मिळतात, वाडीला मिळून अडीच लाखांच्या वर जास्त. हा आकडा ग्रामसभेत मांडण्यासारखा आहे, कारण तो त्यागाचा नाही, मिळकतीचा आहे.

अर्थशास्त्रातला एक जुना निष्कर्ष इथे आडवा येतो. गिसर आणि सांचेझ यांनी १९८० मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या पेकोस खोऱ्याच्या उदाहरणावर दाखवलं, की उपशाचं नियोजन केलं काय आणि मोकळीक दिली काय, फायद्यात नगण्य फरक पडतो. तो निष्कर्ष प्रचंड साठ्याच्या जलधराचा आहे, जिथे एका हंगामाच्या उपशानं पातळी फारशी हलत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये साठा एका रब्बीत संपतो. तिथला निष्कर्ष इथे उचलून लावणं चूक आहे.

विजेचा दर वाढवला तर? २० मीटर उचल आणि पंपसंचाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर एका घनमीटरला ०.१४ युनिटच्या आसपास वीज लागते. कांद्याला हेक्टरी साधारण ८२० युनिट. ३ रुपये दरानं अडीच हजार रुपये, आणि समोर १,२०,००० चा नफा. एवढ्यानं कोणाचा निर्णय बदलत नाही. शिवाय एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि सौरपंपावर तर पुढच्या घनमीटरचा खर्च शून्यच. दराचा लगाम इथे हातात नाही.

कैद्यांचा पेच खरा उभा राहतो तो बोअरच्या वेळी. खोल गेल्यानं पाणी वाढत नाही. वरच्याच थरातलं पाणी भेगांतून खाली ओढलं जातं, म्हणजे शेजाऱ्याचा वाटा आपल्याकडे येतो. दोन शेजारी घ्या. बोअरचा खर्च वर्षाला विभागून २५,०००. एकट्यानं घेतला तर ६०,००० चं पाणी त्याच्याकडे सरकतं: त्याला +३५,०००, दुसऱ्याला −६०,०००. दोघांनी घेतला तर पाणी पूर्वीइतकंच आणि दोघांना −२५,०००. कुणीच घेतला नाही तर शून्य-शून्य. शेजाऱ्यानं काहीही केलं तरी बोअर घेणंच बरं, म्हणून दोघंही घेतात.

हा खेळ दरवर्षी खेळायचा असतो, हीच त्यातली वाट. 'तू घेतलास तर पुढच्या वर्षी मीही घेईन' ही धमकी कधी चालते? पहिल्या वर्षी ३५,००० आणि मग कायम २५,००० चा तोटा, हे गणित सोडवलं की उत्तर येतं: पुढच्या वर्षीचा रुपया आज ५८ पैशांहून जास्त मोलाचा असला पाहिजे. पण हे उल्लंघन वर्षात उघड झालं तर. दोन वर्षांनी कळलं तर ७६ पैसे लागतात, तीन वर्षांनी कळलं तर ८४ पैसे. महिना तीन टक्के सरळव्याजानं सावकाराचं कर्ज असलेल्या माणसाला पुढच्या वर्षीचा रुपया आज ७४ पैशांचाच असतो. वर्षात उघड होणारा करार तो पाळेल, दोन वर्षांनी उघड होणारा पाळणार नाही. त्याच्या स्वभावात खोट नसते. कराराची बांधणीच त्याला परवडणारी नसते, आणि गावकी बहुधा नेमका उलटा निवाडा करते.

त्यामुळे कोणताही नियम लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा मोडला तर किती दिवसांत दिसेल? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचे नियम या कसोटीवर बघा. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, आणि दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. बोअरची गाडी रात्रभर गावाला ऐकू येते. ऊस वर्षभर रस्त्यावरून दिसतो. 'प्रत्येकानं अमुक घनमीटरच उपसा' हा नियम कागदावर जास्त काटेकोर, पण मोडलेला कुणाला दिसत नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं तर पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर भिजेल एवढं दिलं, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस बाहेर ठेवला. हक्क माणशी असला की जमीन वाढवून वाटा वाढवण्याची चालच पटावरून जाते. विहिरीतल्या आडव्या बोअरबद्दल मात्र बहुतेक गावांचे नियम गप्प असतात, आणि ती चोरी वरून दिसतच नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर सगळ्या विहिरी एकत्र फिरून पाहणं, एवढाच त्यावर खात्रीचा इलाज आहे.

दुसरा धोका मोजमापाचा. स्पेसिफिक यील्ड २ ऐवजी १.५ टक्के निघालं तर साठा ९०,००० चा, शेतीला ७०,०००. हरभराही पुरता भिजत नाही. विहिरी जानेवारीत खाली जातात आणि प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी चोरून उपसतंय. चुकीचा अंदाज फसवणुकीसारखा दिसतो आणि करार त्यातच मोडतो.

यासाठी बिनपावसाच्या दोन महिन्यांत उपसा मोजून घ्यावा. २०० लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते बघा: २५ सेकंद लागले तर तासाला सुमारे २९ घनमीटर. गुणिले पंपाचे तास, सगळ्या विहिरींची बेरीज, त्यात पिण्याचं आणि ओढ्यात जाणारं मिळवायचं. या बेरजेला (क्षेत्रफळ × पातळीतली सरासरी घट) यानं भागलं की स्पेसिफिक यील्ड मिळतं. पातळी पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावी. चालू पंपाच्या विहिरीतली पातळी जलधराची नसते.

आपल्या वाडीत १५ डिसेंबरपर्यंत वाटणीप्रमाणे लावलेल्या हरभऱ्याची ६० मिलिमीटरच्या पाच पाण्यांपैकी दोन झाली की ३२,००० घनमीटर गेलं, इतर ३,००० धरा. २ टक्के खरे असतील तर पातळी पावणेदोन मीटर उतरलेली हवी. २.३ मीटर उतरली असेल तर खडक १.५ टक्केच देतोय. त्या तारखेला कांद्याचं रोप अजून वाफ्यात असतं. लागण थांबवायची, हरभऱ्याचं शेवटचं पाणी तोडायचं; मग १६,००० घनमीटर वाचतं आणि उरलेल्या ३८,००० मध्ये बाकीची दोन पाणी बसतात. हीच मोजणी जानेवारीअखेर केली तर तोवर कांदा रानात लागलेला असतो आणि त्याचा निम्म्याहून जास्त खर्च होऊन गेलेला असतो.