त्याच मनोऱ्याचे इतके फोटो कशाला?

"त्या घड्याळाच्या मनोऱ्याचे हजारो फोटो नेटवर आहेत, तेही तुमच्यापेक्षा भारी कॅमेऱ्यांनी काढलेले. मग दर रविवारी पहाटे उठून पुन्हा तिथंच का जाता?" हे मला बरेच जण विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत. तेव्हा घाईत काहीतरी बोलून मी निघाले, म्हणून आता नीट सांगते.

हौस म्हणून कॅमेरा घेतला तेव्हा मी शहरातल्या प्रसिद्ध जागांची यादीच केली होती. घड्याळाचा मनोरा, जुना पूल, पुतळ्याचा चौक. प्रत्येक ठिकाणी अगदी पायथ्याशी जाऊन कॅमेरा वर करायचा आणि बटण दाबायचं. घरी येऊन बघावं तर मनोरा मागे कललेला! लेन्समध्येच दोष आहे असं वाटून मी ती बदलायला निघाले होते. एका सकाळी समोरच्या बागेच्या कठड्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी मला ओणवं-वाकडं होताना पाहिलं आणि म्हणाले, "लेन्स चांगली आहे. कॅमेरा सरळ धरा आणि तुम्ही मागे या."

कॅमेरा वर कलला की त्यातला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं ती पट्टी, भिंतीला समांतर राहत नाही. इमारतीचा माथा पायथ्यापेक्षा लांब पडतो, म्हणून लहान दिसतो आणि दोन्ही कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. कॉम्प्युटरवर त्या सरळ करता येतात, पण फोटोच्या कडा कापल्या जातात आणि इमारत ओढून ताणल्यासारखी दिसते. मागे जाणं हाच खरा उपाय. पण दाटीवाटीच्या शहरात मागे जायला जागा असते कुठे? बागेतच. त्या दिवशी मी रस्ता ओलांडून बागेत शिरले, ती अजून बाहेर आले नाही म्हणा.

कॅमेरा सरळ धरून मनोरा अख्खा घ्यायचा म्हटलं की फ्रेमचा खालचा अर्धा भाग रिकामा राहतो. तिथं काय ठेवायचं? मला एक झाड सापडलं. पुरुषभर उंचीवर त्याचं खोड दुभंगलेलं होतं आणि त्या बेचक्यात मनोरा बरोबर बसायचा. पुढे अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झनं न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीचा १९०३ च्या सुमारास काढलेला फोटो पाहिला आणि अंगावर काटा आला. इमारत नुकतीच, १९०२ साली, पुरी झाली होती. शहरभर तिचीच चर्चा. आणि हा माणूस समोरच्या मॅडिसन स्क्वेअर बागेत बर्फात उभा राहून पुढ्यात दुबेळक्याचं झाड घेतो, इमारत मागे धूसर ठेवतो. तरी ती लहान वाटत नाही. झाडामुळेच तिची उंची कळते.

मग झाडाकडेच लक्ष जाऊ लागलं. कडक उन्हात पानं नुसती पांढरी चमकतात. लेन्सपुढे लावायची पोलरायझर फिल्टरची काच हळूहळू फिरवली की ती चकाकी उतरते आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो. पाऊस पडून गेल्यावर खोड जवळजवळ काळं होतं. तेव्हा ढगाळ उजेड असेल तर सालीवरची एकेक भेग मोजता येते, बागेसाठी त्याच्यासारखा उजेड नाही. पानगळीत बेचक्यातला मनोरा कोरडा, रेखीव दिसतो. आणि संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ आकाशाचा निळा आणि घड्याळाच्या तबकडीचा दिवा सारखेच उजळ असतात. ती वेळ चुकली की तबकडी म्हणजे नुसता पांढरा ठिपका उरतो.

यूजीन आत्जे हा फ्रेंच छायाचित्रकार पॅरिसजवळच्या सो इथल्या उद्यानात १९२५ साली असाच पुन्हा पुन्हा जात होता. वय साठीच्या पुढे, सोबत लाकडी कॅमेरा आणि फोटो ज्यांवर उमटायचा त्या १८ बाय २४ सेंटिमीटरच्या जड काचा. काही फोटोंवर त्यानं महिना आणि सकाळची वेळसुद्धा लिहून ठेवली आहे. ते वाचल्यापासून मीही वही ठेवते. 'फेब्रुवारी, सकाळी ७.१०, ऊन तबकडीच्या खालच्या काट्यापर्यंत.' नेटवरच्या हजारो फोटोंमध्ये मनोरा आहे, हे अगदी खरं. पण ऊन तबकडीवरून उतरून झाडाच्या बेचक्यात यायला फेब्रुवारीत किती वेळ लागतो, ते मला तिथं उभं राहूनच कळलं. त्यासाठी जाते.

गेल्या वर्षी वादळात ते झाड पडलं. पुढच्या रविवारी गेले तर मनोरा पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोकळा, आडकाठी कसलीच नाही. मी बराच वेळ कॅमेरा बाहेर काढला नाही. वहीत नुसती तारीख लिहून परतले.

आता त्याच जागी जाळीच्या पिंजऱ्यात नवं रोप लावलंय, माझ्या गुडघ्याएवढं. कॅमेरा गवतावर टेकवला, त्याच्या मागचा छोटा पडदा वर वळवला आणि मी पोटावर झोपले, की त्याची वरची दोन पानं मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात. या रविवारी सकाळी ६.५० ला पोहोचली होती.