माडीवरचा टर्नटेबल

आज कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका माडीवर टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, लावला. जमीन लाकडी, माणूस चालला की सुई उडणारच. म्हणून टेबल न वापरता भिंतीत फळी ठोकली आणि प्लॅटरवर (फिरत्या थाळीवर) स्पिरिट लेव्हल ठेवून पातळी साधली. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका, खर्जाचा घुमारा सुईत परत शिरतो.

खरा वेळ द्यायचा तो टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला. अँटिस्केटिंग (आर्मची आत ओढ तोलणारी रचना) शून्यावर ठेवून मागचं वजन आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत फिरवा. मग नुसती आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि वजनासकट फिरवत कंपनीने सांगितलेला सुईचा भार द्या. ऑर्टोफॉन टूएम रेड या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) १.८ ग्रॅम. चकतीवर विसंबू नका, डिजिटल काट्यावर मोजाच. तबकडी झिजेल या भीतीने भार कमी ठेवणं उलट घातक: सुई खाचेत ठरत नाही, भिंतींवर आपटते आणि ‘स’चा उच्चार फाटका येतो. शेवटी अँटिस्केटिंग भाराइतकंच.

घूं आवाज आला तर आधी टर्नटेबलची ग्राउंडची तार अँप्लिफायरवर फोनो इनपुटजवळच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा.

गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात कुणाकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना एलपीची (नंतरच्या विनाइल तबकडीची) सुई कृपा करून लावू नका. त्यांची खाच रुंद. सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची गोल सुई १८ च्या आसपास असते, ती तळातल्या धुळीत घासते. आणि त्या तबकड्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते.