परत घ्या म्हणून आलेली गाडी

मी डीलरशिपमध्ये पीडीआय बघतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात चावी जायच्या आधीची गाडीची शेवटची तपासणी. ट्रेलरवरून येताना टायरमध्ये जास्त भरलेली हवा कमी करायची, बॅटरी उतरलेली नाही ना बघायचं, टायरवरच्या चार आकड्यांवरून तो कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनलाय ते वाचायचं, चेसिस नंबर कागदाशी जुळवायचा आणि मग शीटवर सही. ही सही मी कधी हलक्यात घेतली नाही, म्हणूनच ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये.

डिलिव्हरीनंतर पाचव्या दिवशी एक गिऱ्हाईक गाडी घेऊन परत आले. ओडोमीटरवर ८६ किलोमीटर. सोबत आई. म्हणाले, "गाडी चांगलीय हो, तक्रार काहीच नाही, पण आईला चढता येत नाही, गुडघाच वाकत नाही तिचा. ही परत घ्या, कमी उंचीची द्या, काय कापायचे ते पैसे कापा." बुकिंगच्या वेळी आमच्या सेल्सवाल्याने त्यांना "काही वाटलं तर बघू ना नंतर" असं सांगितलेलं, मी शेजारीच उभा होतो. कोण बसणार, आई बसणार का, एकदा बसवून बघा, हे मात्र एका शब्दाने विचारलं नव्हतं. अशी आश्वासनं द्यायला काही लागत नाही आणि निस्तरायला भलताच माणूस बसतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

इन्व्हॉइस झालं, रजिस्ट्रेशन झालं, इन्शुरन्स नावावर आला, कर्जाचा बोजा चढला की गाडी कागदोपत्री सेकंडहँड झाली, मग ती ८६ किलोमीटर चाललेली असो नाहीतर ६. पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. बरेच जण ३ दिवसांच्या मुदतीचं कुठूनतरी ऐकून येतात, पण तो अमेरिकेतला नियम आहे आणि तिथेसुद्धा डीलरच्या शोरूममध्ये जाऊन घेतलेल्या गाडीला तो लागू नाही, तो मुख्यतः घरी येऊन विकलेल्या मालासाठी आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने ३० दिवसांत गाडी नाकारता येते, पण तिच्यात दोष असेल तर. ऑनलाइन घेतली तर तिथे १४ दिवस मिळतात ते वेगळं. शोरूममध्ये बघून घेतली आणि नंतर जमली नाही, एवढ्यावर डीलरने आधी लेखी दिलं नसेल तर सहसा काही होत नाही.

मॅनेजरांनी हेच सांगितलं आणि वर म्हणाले, सेकंडहँड म्हणून आम्ही घेऊ, व्हॅल्युएशन करून. ते बिचारे त्यालाही तयार झाले.

व्हॅल्युएशनवाल्या पोराने पेंट गेज लावायला सुरुवात केली. हे छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती मायक्रॉन आहे ते दाखवतं. छत ११२, बॉनेट ११८, उजवे दोन्ही दरवाजे ११५ च्या आसपास, कंपनीचा रंग असाच येतो. डावा मागचा दरवाजा २९०. परत टेकवलं, ३१०. पोराने फॉर्मवर लिहिलं, "दरवाजा रिपेंट", आणि किंमत खाली आणली. ते म्हणाले, "अहो गाडी कुठे घासलीसुद्धा नाही!" आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की हे खरं बोलतायत.

मी बॉडीशॉपचं रजिस्टर काढलं. त्याच चेसिस नंबरचं जॉब कार्ड, तारीख इन्व्हॉइसच्या नऊ दिवस आधीची. ट्रेलरवरून उतरवताना दरवाजाला लागलं होतं, आमच्याच लोकांनी रंगवलं आणि कोणालाही सांगितलं नाही. म्हणजे आम्हीच रंगवलेल्या दरवाजाचे पैसे आम्ही त्यांच्याकडून कापत होतो. आणि पीडीआय शीटवर "पेंट ओके" खाली माझी सही. ती तपासणी मी रात्री ट्यूबलाइटखाली केली होती, गेज सेकंडहँड विभागात असायचं, नव्या गाडीला कोण लावतं म्हणून आणायला गेलो नव्हतो.

मॅनेजर हळूच म्हणाले, "ते दरवाजासाठी आलेले नाहीत." मी जॉब कार्ड घेऊन बाहेर गेलो आणि त्या दोघांसमोर ठेवलं. माझी सही कुठली तेही दाखवलं. ते काही बोलले नाहीत, आईच म्हणाली, "बरं झालं बाबा माझा गुडघा दुखतो."

त्यानंतर तीन आठवडे पत्रव्यवहार, बँकेच्या फेऱ्या, माझी लेखी जबानी. शेवटी गाडी पूर्ण पैशांत परत घेतली, रजिस्ट्रेशनचा खर्चही दिला. फाइलवर कारण लिहिलंय, "पूर्वदुरुस्तीची माहिती न दिल्याने". गुडघ्याचा उल्लेख कुठेच नाही. ते ज्या कारणासाठी आले होते त्याला आमच्याकडे रकानाच नाही, आणि जे त्यांना माहीतही नव्हतं त्यावर त्यांचं काम झालं. दरवाजा कोरा असता तर ते तोटा सोसून निमूट गेले असते, आणि आईला गाडीत बसवून न बघता गाडी विकणाऱ्याला कोणी काही विचारलं नसतं.

आता गेज माझ्या टेबलावर असतं, प्रत्येक पत्र्याचा आकडा शीटवर लिहितो, गाडीमागे दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. पण त्या रात्री त्याच ट्यूबलाइटखाली मी आणखी चार गाड्यांवर सही केली होती. दोन पहिल्या सर्व्हिसला आल्या तेव्हा तपासल्या, व्यवस्थित निघाल्या. उरलेल्या दोघांना मी फोन केलाय, अजून आलेले नाहीत.