पंपरूममागचा कॅमेरा, अपडेट ४: १२ दिवसांची बॅटरी आता पावसाळा काढतेय

मंडळी, मागचा अपडेट टाकून बरेच दिवस झाले, मधे ऑफिसचा राडा आणि मग एक बोर्ड मीच जाळला, त्यामुळे गप्प होतो. आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. ठाण्यात पोखरण रोड नंबर २ ला आमची सोसायटी, मागची कंपाउंड वॉल येऊरच्या जंगलाच्या बाजूला. तिथून कोणीतरी आत उतरून बोअरिंगच्या पंपाची कॉपर केबल दोनदा कापून नेली. भिंतीपाशी प्लग पॉइंट नाही आणि पेव्हर ब्लॉक नुकतेच बसवलेत म्हणून सेक्रेटरी काका केबलसाठी एक वीट हलवू देत नाहीत. म्हणून बॅटरीवरचा कॅमेरा. काकांना चोरापेक्षा बिबट्याच्या फोटोत जास्त इंटरेस्ट आहे, २०१९ ला कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की तो आमच्याच मागून गेला असणार.

पहिलं व्हर्जन सरळसोट होतं. ईएसपी३२-कॅम (वायफाय आणि कॅमेरावाला छोटा बोर्ड), एक पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर), एक आरसीडब्ल्यूएल ०५१६ म्हणजे हालचाल ओळखणारं ते पाच-पन्नास रुपयातलं मायक्रोवेव्ह मॉड्यूल, २६०० एमएएचचे दोन १८६५० सेल पॅरलल, वर बॅटरीचं व्होल्टेज चढवून ५ करणारा बूस्टर. दोन सेन्सरपैकी कोणीही हात वर केला की बोर्ड डीप स्लीपमधून (कमीत कमी वीज खाणारी गाढ झोप) उठायचा, फोटो काढायचा, वायफायवरून पाठवायचा. १२ दिवसांत बॅटरी आडवी. आणि कार्डवर १८०० च्या आसपास फोटो, म्हणजे रोजचे दीडशे, त्यात माकडं, मांजर, आणि बाकी सगळी हलणारी केळीची पानं.

मला वाटत होतं की सगळं हे फोटो खातायत. मोजल्यावर कळलं तसं नाहीये. ईएसपी३२ चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपच्या आसपास घेते हे डेटाशीटमध्ये खरंच आहे, पण चिप म्हणजे बोर्ड नव्हे. बोर्डवरचा, ५ चे ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच काही मिलीअँप पितो, कॅमेरा अर्धवट जागा, मायक्रोवेव्हचे जवळपास ३ मिलीअँप कायम चालू, वर बूस्टरचं कमिशन. बॅटरीकडून एकूण १३ मिलीअँप, झोपेत! दिवसाचे ३१२ एमएएच नुसते घोरण्यात. फोटोंचे ११७.

मोजण्यावरून एक सांगतो, यात माझे दोन रविवार गेले. करंट मोजणारं आयएनए२१९ चं मॉड्यूल ०.१ ओहमच्या शंटसकट (ज्याच्यावरून करंट मोजायचा तो रेझिस्टर) येतं, त्याची एक पायरीच १०० मायक्रोअँपची, त्यामुळे खालचं काही दिसतच नाही. मल्टिमीटर मायक्रोअँप रेंजला लावला तर बोर्ड उठताना मीटरच्या आतल्या रेझिस्टरवरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट. शेवटी १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, त्याच्यावर जंपर, सर्किट झोपलं की जंपर काढायचा आणि रेझिस्टरवरचे मिलीव्होल्ट वाचायचे. जुगाड आहे पण चोख.

आता नवीन रचना. साहेबाला, म्हणजे ईएसपीला, झोपू द्या, रखवालदाराला जागं ठेवा. रखवालदार म्हणजे एटीटायनी८५ हा चिमुकला मायक्रोकंट्रोलर, पॉवर-डाउनमध्ये एक मायक्रोअँपसुद्धा घेत नाही, आणि त्याच्या जोडीला एएम३१२ हा छोटा पीआयआर, तो १५ च्या आसपास. बाकी सगळ्यांची पॉवर एओ३४०१ मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) पूर्ण तोडलेली. डीप स्लीप वगैरे भानगडच नाही, ईएसपी मेलेलाच असतो. पीआयआरने हाक मारली की टायनी उठतो, आधी फक्त बूस्टर आणि मायक्रोवेव्ह चालू करतो, पहिलं सेकंद सोडून देतो कारण माझं मॉड्यूल पॉवर मिळाल्या मिळाल्या उगाच हाय जातं, मग तीन सेकंद ऐकतो. तोही हो म्हणाला तरच ईएसपी आणि कॅमेरा. नाही म्हणाला तर परत झोप.

दोघांचं एकमत का मागायचं, तर दोघं वेगवेगळ्या गोष्टींना फसतात. पीआयआर उष्णतेतला फरक बघतो, त्यामुळे भिंतीवर ऊन-सावली नाचली की तो उठतो, आणि उलट मे महिन्यात दुपारी भिंतच अंगाएवढी तापली की समोरून माणूस गेला तरी ढिम्म. (चोर दुपारी येत नाहीत म्हणून हे मी सोडून दिलंय.) मायक्रोवेव्ह डॉप्लरवर चालतो, म्हणजे लहरी सोडून हलत्या गोष्टीवरून परत आलेल्या लहरींतला फरक बघतो, त्याला ऊन-सावलीचं काही नाही पण ओली केळीची पानं वाऱ्यावर हलली की त्याचा जल्लोष. त्याची रेंज कमी करायला मॉड्यूलच्या मागे आर-जीएन लिहिलेल्या जागी १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला, त्याने ७ मीटरचं ५ वर येतं. धंदेवाईक अलार्ममध्ये ड्युअल टेक म्हणून हीच आयडिया असते, फक्त तिथे दोन्ही सेन्सर सहसा कायम चालू असतात, मला ते परवडत नाही.

आता जळलेल्या बोर्डाची गोष्ट. ईएसपीसाठी दुसरा मॉस्फेट मी बूस्टरच्या नंतर लावला, म्हणजे सोर्सला (जिथून वीज आत येते) ५ व्होल्ट, आणि गेटला (जो स्विच चालू-बंद करतो) टायनीची पिन डायरेक्ट, जी बॅटरीवर चालते म्हणजे फार तर ४.२. या जातीचा, म्हणजे पी-चॅनल मॉस्फेट पूर्ण बंद व्हायला गेट सोर्सएवढा वर जायला हवा, इथे ०.८ व्होल्टचा फरक राहतोय, आणि एओ३४०१ एवढ्यावरही थोडा चालू होऊ शकतो. मायक्रोवेव्ह ऐकत असायचा तेव्हा ईएसपी धड बंदही नाही, धड चालूही नाही. मी तासभर कोडला शिव्या घातल्या, त्या शोधाशोधीत प्रोब घसरला आणि ५ व्होल्ट ३.३ च्या पिनला, संपलं. रात्री अकराला लक्षात आलं, ड्रॉवरमधला बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि गेटला ५ व्होल्टपर्यंत ओढून धरणारा १० के चा पुलअप रेझिस्टर लावला, बास. नवीन बोर्डासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटची फेरी, ते दुःख वेगळं.

अजून दोन किरकोळ. ईएसपीने वायफाय चालू केलं की शेजारचा पीआयआर स्वतःच ट्रिगर होतो आणि मग फोटोवर फोटो, म्हणून ईएसपी बंद झाल्यावर ३० सेकंद टायनी कान बंद ठेवतो. आणि दरवेळी राउटर शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून स्टॅटिक आयपी (ठरलेला पत्ता), राउटरचा चॅनल नि बीएसएसआयडी (राउटरची ओळख) फ्लॅशमध्ये सेव्ह केले (डीप स्लीपमध्ये टिकते ती आरटीसी मेमरी, पण पॉवरच तोडतोय त्यामुळे तिथे ठेवून उपयोग नाही), त्याने एक फोटो १४ सेकंदांवरून ९ वर आला.

आकडे. झोपेत रेझिस्टरवर ३.१ मिलीव्होल्ट, म्हणजे ३१ मायक्रोअँप, दिवसाला पाऊण एमएएच. पीआयआर रोज सरासरी ९० वेळा उठवतो, मायक्रोवेव्हला विचारण्याचा खर्च जेमतेम पाऊणच. फोटो रोज २०, त्यांचे १०. सगळे मिळून साडेअकराच्या आसपास. कागदावर सव्वा वर्ष, सेल जुने आहेत म्हणून मी त्यातलं निम्मं धरतो. १५ जूनला ४.१६ व्होल्टवर लावला, आज ४१ दिवसांनी ४.०७.

म्हणजे आता झोपेच्या मागे लागण्यात काही राम नाही, उरलाय तो सगळा वायफायचा खर्च. पुढे ईएसपी-नाऊ (राउटरशिवाय दोन ईएसपींनी थेट बोलणं) करून बघणार, रिसीव्हर पंपरूममध्ये, तिथे लाइट आहे.

काकांची एक शंका बरोबर होती, "अरे पण तुझी ती चार सेकंदं होईपर्यंत चोर पसार नाही का होणार?" मी स्वतः भिंतीवरून उडी मारून बघितली. मायक्रोवेव्हने हो म्हटल्या म्हटल्या पुढे जायचं असं केलंय, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला ईएसपी सुरू होतो, आणि फोटोत मी गुडघा चोळत उभा आहे, चेहरा स्पष्ट.

बाकी एकमताला फसवणारा एकच प्राणी निघाला. परवा रात्री ओळीने ११ फोटो, सगळ्यांत पांढरट गुलाबी काहीतरी. पाल. बॉक्सच्या काचेवर पोट टेकून बसलेली, पाच बोटं फाकवून, एवढ्या जवळून दोन्ही सेन्सर हो म्हणणारच. आई म्हणते अंड्याची टरफलं लटकव. मी आधी सॉफ्टवेअरमध्ये बघतो म्हटलं, सलग तीन फोटो झाले की दहा मिनिटं सुट्टी. टरफलं तिने तरी लावलीच आहेत, दोन, सुतळीला बांधून, आणि वाऱ्याने हलतात.