एसपीएसएस किती दिवसांत येईल?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगते. नाशिकच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते म्हटल्यावर आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्या एसपीएसएस या सॉफ्टवेअरबद्दल हा प्रश्न ठरलेलाच: "मॅडम, एसपीएसएस किती दिवसांत येईल?" विचारणारे निम्मे आरोग्य विद्यापीठाचे पीजी, म्हणजे आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओवाले. उरलेले ॲग्रीचे. बहुतेकांचा डेटा एक्सेलमध्ये भरून झालेला असतो आणि सबमिशन तोंडावर आलेलं असतं.

मेनू यायला दोन रविवार पुरे. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये नावं द्या, मेझरच्या रकान्यात नॉमिनल, ऑर्डिनल की स्केल ते ठरवा, ॲनालाइझमध्ये जाऊन टेस्ट निवडा, झालं. फक्त ओके दाबण्याआधी पेस्टचं बटण दाबायची सवय लावा. काय काय केलं ते सिंटॅक्समध्ये, म्हणजे लेखी आज्ञांच्या फाइलमध्ये, उतरतं आणि गाइडनी "हे कसं काढलं?" विचारलं की दाखवता येतं. हे बटण क्लासवाले का शिकवत नाहीत कोण जाणे.

पण त्या दोन रविवारांत तुम्हाला काय आलेलं असेल ते सांगते: आउटपुटमधला 'सिग.'चा रकाना शोधणं, म्हणजे खरा फरक नसताना इतका फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता. तिथे ०.०५ पेक्षा लहान आकडा दिसला की पेढे. माझा आग्रह असा की आधी डीएफचा, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडमचा रकाना वाचायला शिका; हिशोबामागे स्वतंत्र माहिती किती आहे ते तो सांगतो. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

निफाडकडची एखादी द्राक्षबाग धरा. ठिबकमधून पोटॅशच्या तीन मात्रा द्यायच्या आहेत. बागेचे चार ब्लॉक पाडले, प्रत्येकात तिन्ही मात्रा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. झाले बारा प्लॉट. काढणीला प्रत्येक प्लॉटमधून वीस घड वजन केले. एक्सेलमध्ये २४० ओळी. वन-वे अनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासरींची तुलना करणारी टेस्ट, चालवली, सिग. आलं .०००. आता डीएफ बघा: विदिन ग्रुप्स (गटांच्या आतला फरक, म्हणजेच इथली एरर), २३७. बारा प्लॉटच्या प्रयोगात हे २३७ आले कुठून? ब्लॉक धरून केलेल्या मांडणीत एररचे, म्हणजे मात्रा आणि ब्लॉक सोडून उरलेल्या चढउताराचे, डीएफ (३−१)×(४−१), म्हणजे ६ यायला हवेत. फरक किरकोळ नाही. पाच टक्क्यांच्या पातळीवर ६ डीएफला एफची, म्हणजे मात्रांमधला फरक एररच्या किती पट आहे त्या आकड्याची, किंमत ५.१४ च्या वर जावी लागते. २३७ डीएफ असले की ३.०३ च्या आसपासची किंमतही पुरते. वर एकाच प्लॉटमधले घड एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने एररही खोटी लहान दिसते, ते वेगळंच.

पोटॅश प्लॉटला दिलं, घडाला नाही. वीसच्या वीस घड एकाच व्हॉल्व्हवरचे, एकाच मुरमातले. वीस घड मोजल्याने त्या प्लॉटचं सरासरी वजन जास्त नेमकं कळतं, ते मोजायलाच हवेत. पण त्याने प्लॉट वाढत नाहीत. एसपीएसएसला हे कळायचा मार्ग नाही. त्याच्या लेखी प्रत्येक ओळ स्वतंत्र. याउलट जीएचं डिपिंग, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणं, घडाघडाला चिठ्ठी टाकून केलं असेल, तर घड हेच एकक, मग वेल हा ब्लॉक धरायचा. तेव्हा बाग तीच असली तरी उत्तर बदलतं, आणि ते बागेत ठरतं, लॅपटॉपवर नाही.

दवाखानेवाल्यांनी "हे शेतीचं" म्हणून सुटका करून घेऊ नये. गुडघेदुखीचे तीस रुग्ण, पंधरा-पंधराचे दोन गट. दोन्ही गुडघे वेगळे मोजून साठ ओळी केल्या की टी-टेस्टचे (दोन गटांच्या सरासरींची तुलना) डीएफ २८ च्या जागी ५८ दिसतात. रुग्ण तीसच आहेत.

डीएफ जास्त धरण्याची चूक मोठ्यांकडूनही झाली आहे, हे सांगितलं की पोरांना बरं वाटतं. तक्त्यातल्या मोजणीचे आकडे तपासणारी काय-स्क्वेअर टेस्ट ज्यांनी १९०० साली मांडली ते कार्ल पिअर्सन दोन बाय दोनच्या तक्त्याला ३ डीएफ धरत. तिथे १ च हवा, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२२ साली दाखवलं. पिअर्सन काही ऐकायला तयार नव्हते. फिशर त्या वेळी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते, ब्लॉक पाडून प्रयोग करण्याची पद्धत त्यांनी तिथेच बसवली.

आता "मग आर शिकू का?" आर हे कोड लिहून चालवायचं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑकलंडच्या इहाका आणि जेंटलमन यांनी सुरू केलेलं, पुढे जायचं असेल तर जरूर शिका. पण तिथेही मात्रांना १, २, ३ असे कोड देऊन तशीच अनोव्हा चालवलीत, तर आर त्यांना साधे आकडे समजतो आणि हे फॅक्टर, म्हणजे गटांची नावं, आहेत असं सांगेपर्यंत तीन मात्रांना २ च्या जागी १ डीएफ देतो. पुन्हा डीएफनेच चूक पकडली जाते. कोड लिहायचा धसका असेल तर जामोव्ही घ्या: फुकट, आतून आर, वरून मेनू. गाइडना एसपीएसएसचीच फाइल उघडता येत असेल तर एसपीएसएस घ्या, फक्त पेन ड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली कॉपी नको. एक मात्र डीएफलाही कळत नाही: राहून गेलेल्या नोंदीच्या जागी शून्य टाकलेला असणं. तिथे रकाना मोकळा सोडा.

डेटा आधीच गोळा झाला असेल तर रडू नका. प्लॉटवार सरासरी काढा, बारा ओळी करा, जनरल लिनियर मॉडेलच्या युनिव्हेरिएटमध्ये ब्लॉक आणि मात्रा दोन्ही घाला. सिग. कदाचित ०.०५ च्या वर जाईल. गेलं तर तसंच लिहा, आणि व्हायव्हाला बारा प्लॉटचा नकाशा सोबत ठेवा. पहिला प्रश्न त्यावरच यायला हवा.