मागचं डावं दार

बाबांनी गाड्यांच्या दारांची हँडलं दुरुस्त करायला कुर्ल्यात गाळा घेतला तेव्हा आत एक व्हाइस, एक ड्रिल आणि रॉकेलचा डबा एवढंच होतं. प्रीमियर या मोटार कंपनीचा कारखाना कुर्ल्यातच, त्यामुळे फियाट आणि पद्मिनीची कामं यायची. खरं पोट भरलं ते काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांनी. बहुतेक प्रवासी फुटपाथच्या बाजूने चढणार, म्हणजे मागचं डावं दार. ते हँडल आधी ढिलं व्हायचं, मग कधीतरी हातात यायचं. टॅक्सीवाल्याला चमक नको असायची. "दार लागलं पाहिजे, शेठ, आणि गाडी आजच पाहिजे."

तेव्हाचं आमचं काम म्हणजे स्प्रिंग बदलणं, पिन ठोकणं, एका हँडलचा लॉक काढून दुसऱ्यात घालणं, म्हणजे सगळ्या दारांना चावी एकच चालते. त्यासाठी लॉकच्या आतल्या पितळी पट्ट्या चावीप्रमाणे लावाव्या लागतात. हे मी दहावीच्या सुट्टीत शिकलो.

मग टॅक्सीचं काम आटत गेलं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर आमच्याकडे हौशी लोक येऊ लागले होते. आजोबांची डुक्कर फियाट (जुन्या फियाटचं टोपणनाव), मामांची अ‍ॅम्बेसेडर. त्यांना चमकही हवी असते आणि दारही लागायला हवं असतं.

चमकीने आम्हाला एकदा चांगलंच झोपवलं. जुनी हँडलं बहुधा मझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची. वर क्रोम असतो, पण आतून बुरशीसारखे फोड येतात. एका ग्राहकाची जोडी आम्ही नव्याने क्रोम चढवायला प्लेटिंगवाल्याकडे दिली. तिथल्या पोऱ्याने ती पितळेची समजून जुना थर काढायला अ‍ॅसिडच्या टाकीत सोडली आणि जेवायला गेला. संध्याकाळी दोन वाकडे, खड्डे पडलेले तुकडे परत आले. भरपाई आम्हीच दिली. माल आमच्या हातून गेला होता. आता प्रत्येक हँडलला तारेने चिठ्ठी बांधतो: मझॅक की पितळ. वेल्डिंगचंही तेच. मझॅक चारशे अंशांच्या आसपास वितळतो, ज्योत जरा जास्त वेळ धरली की हँडल टेबलावर.

म्हणून आम्ही हँडलं पितळेत ओतायला लागलो. पहिला लॉट वाया गेला. जुनं हँडलच नमुना म्हणून वाळूत दाबलं होतं. पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, हे ओतारी जाणतो, आम्ही विसरलो. पंधरा सेंटिमीटरचं हँडल दोन-तीन मिलिमीटर आखूड निघालं आणि दाराची भोकं काही सरकत नाहीत. आता नमुना मोठा करूनच देतो.

बसवण्यातही जीव असतो. हँडलच्या बटणामागचा दट्ट्या आणि दाराचा लॅच, म्हणजे दार पकडून ठेवणारी कडी, यांच्यामध्ये मिलिमीटरभर फट ठेवावी लागते. फट नसली तर दार पूर्ण पकडत नाही, खड्ड्यात उघडतं. जास्त असली तर बटण दाबून अंगठा दुखतो. कितीदा तर हँडल ठणठणीत असतं, बिजागरी झिजून दारच खाली बसलेलं असतं. तेव्हा आम्ही हँडलचे पैसे घेत नाही, आधी बिजागरीवाल्याकडे पाठवतो.

भंगारात निघालेल्या टॅक्स्यांची हँडलं आम्ही पोत्याने घेतली होती. मागच्या उजव्या दाराची पेटी अजून भरलेली आहे, काही तर नव्यासारखी. ग्राहक विचारतात, "हेच उलटं करून डावीकडे बसवा ना!" उलटं केलं तर बटण बरोबर जागेवर येतं हो, पण हँडलचा बाक वर-खाली उलटा होतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच ग्राहक परत येतो. डावीकडची पेटी मात्र तळाला लागली आहे. पुढचा पितळेचा लॉट तिच्यासाठीच ओतायला टाकलाय.